वेगाचे गणित : पडद्यावरील शर्यत आणि समृद्धी महामार्ग

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हे तालुके घाटावर. तर मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हे घाटाखाली. राजूरचा घाट किंवा बोथ्याचा घाट उतरताना गाडी कशी धरावी, हे ज्ञान येथील वाहनचालकांना वारशाने मिळालेले. वळण, उतार आणि पुढून येणारे वाहन या तिन्ही गोष्टी चालकाला जागे ठेवतात. घाटात वेग आपोआपच मर्यादेत राहतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि या जिल्ह्याला एका वेगळ्याच रस्त्याची ओळख झाली. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण झाला. जिल्ह्यात तो मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून त्याची आखणी करण्यात आली. मोटारींसाठी कमाल मर्यादा मात्र ताशी १२० किलोमीटर ठेवण्यात आली असून अवजड वाहनांसाठी ती त्याहून कमी आहे. दुचाकी व तीनचाकी वाहनांना येथे प्रवेश नाही.

याच भागातील तरुण पिढीच्या हाती आणखी एक रस्ता आलेला आहे. तो पडद्यावरचा आहे. मोटारशर्यतीचे खेळ पूर्वी तालुक्याच्या गावातील संगणक-केंद्रात तासावर पैसे मोजून खेळले जात. आज ते भ्रमणध्वनीवर घरोघरी पोहोचले आहेत. या खेळांकडे वडीलधारी मंडळी केवळ वेळेचा अपव्यय म्हणून पाहतात. ही तक्रार निराधार नाही. तथापि या खेळांच्या एका प्रकारात वाहनशास्त्राचे जे शिक्षण दडलेले आहे, त्याची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल; कारण त्यातील बरेचसे शिक्षण समृद्धी महामार्गावर प्राण वाचविणारे आहे, आणि जे त्यात नाही तेही तितकेच महत्त्वाचे आहे.

खेळ आणि अनुकरण

मोटारशर्यतीचे खेळ ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात गाडी भिंतीवर आपटली तरी क्षणात पुन्हा धावू लागते. ‘रोड रॅश’सारखे खेळ या प्रकारचे होत. दुसऱ्या प्रकारात खऱ्या गाडीच्या वर्तनाचे गणिती अनुकरण केलेले असते. चाकाची पकड, गाडीचे वजन, हवेचा दाब, इंधनाचा भार या सर्वांचा हिशेब संगणक क्षणोक्षणी करीत असतो.

या दुसऱ्या प्रकाराचा इतिहास चार दशकांचा आहे. इंग्लंडमधील जेफ क्रॅमंड यांनी १९८४ साली तयार केलेल्या ‘रेव्ज’ या खेळात गाडीच्या पुढील व मागील पंखांचा कोन खेळाडूला बदलता येत असे. १९८९ साली अमेरिकेत निघालेल्या ‘इंडियानापोलिस ५००’ या खेळात टायरमधील हवेपासून अनेक बाबी जुळविण्याची सोय झाली. १९९७ साली जपानमध्ये काझुनोरी यामाउची यांच्या चमूने ‘ग्रान टुरिस्मो’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि वाहन जुळविण्याची ही विद्या जगभरच्या घरांत पोहोचली. पुढे २०१४ साली इटलीत तयार झालेल्या ‘असेटो कोर्सा’सारख्या खेळांनी तिला अधिक सूक्ष्म रूप दिले.

खेळाडू या जुळवणीला ‘सेटअप’ म्हणतात. गाडी तीच, धावपट्टी तीच आणि चालकही तोच. तरी जुळवणी बदलताच गाडीचा स्वभाव बदलतो. हे कसे घडते ते पाहू.

जुळवणी म्हणजे काय

ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला या शास्त्राचे पहिले सूत्र ठाऊक असते. कडब्याच्या पेंढ्या मागे जास्त रचल्या तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त रचल्या तर बैलांच्या मानेवर भार येतो. भार कोठे आहे यावर गाडीची चाल ठरते. मोटारीचेही तसेच आहे. फरक इतकाच की, मोटारीचा भार चालताना सारखा हलत असतो. ब्रेक दाबला की तो पुढील चाकांवर येतो, वेग वाढविला की मागील चाकांवर जातो आणि वळणावर बाहेरच्या चाकांवर सरकतो. या हलणाऱ्या भाराला चार चाकांत योग्य रीतीने वाटून देणे म्हणजे जुळवणी होय.

तिचा पहिला घटक टायरमधील हवा. संपूर्ण गाडी रस्त्याला केवळ चार ठिकाणी टेकलेली असते आणि प्रत्येक ठिकाणचा स्पर्श हा जेमतेम तळहाताएवढा असतो. हवा कमी असेल तर टायरच्या कडा घासतात व त्याच्या भिंती सतत दुमडत राहतात. जास्त असेल तर टायर मध्येच फुगून रस्त्याशी होणारा स्पर्श घटतो. दुसरा घटक स्प्रिंगा व शॉक अ‍ॅब्सॉर्बर. ते मऊ असतील तर खड्डे सुसह्य होतात, पण वळणावर गाडी कलते. फार कडक असतील तर चाक उंचवट्यावरून उडते आणि तेवढा वेळ पकड सुटते. तिसरा घटक चाकांचा कल व दिशा, ज्यासाठी गॅरेजमध्ये ‘अलाइनमेंट’ केले जाते. चौथा ब्रेकची पुढील व मागील चाकांतील वाटणी. मागील चाकांना ब्रेक जास्त मिळाला तर ती आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते. म्हणूनच पुढील चाकांना अधिक वाटा दिला जातो. शर्यतीच्या गाड्यांत याशिवाय पंख असतात. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, तर हा उलटा पंख गाडीला जमिनीवर दाबतो. पंख जितका उभा तितकी वळणावरील पकड अधिक; मात्र सरळ रस्त्यावर वारा तितकाच अडवतो.

या प्रत्येक घटकात काहीतरी मिळविताना काहीतरी सोडावे लागते. सर्व ठिकाणी उत्तम ठरेल अशी जुळवणी अस्तित्वात नाही. हेच या विद्येचे मर्म आहे.

चर्चेची शिस्त

या खेळांचे नवल असे की, खेळाडू शर्यतीत जितका वेळ घालवितात तितकाच जुळवणीच्या चर्चेत घालवितात. कोणी म्हणतो, गाडी वळणात वळत नाही, सरळ बाहेर जाते. दुसरा विचारतो, वळणात शिरताना की वळणातून निघताना? शिरताना असेल तर ब्रेक लवकर सोडून पाहा. निघताना असेल तर पुढील स्प्रिंग मऊ करून पाहा. पुढील चाकांची पकड आधी सुटली तर गाडी वळणाबाहेर जाते आणि मागील चाकांची आधी सुटली तर गाडीची शेपटी फिरते. या दोन दोषांची लक्षणे वेगळी आणि उपायही वेगळे. रोगाचे नाव नेमके कळल्याखेरीज औषध नाही, हा वैद्यकाचा नियम येथेही लागू होतो.

अनुभवी खेळाडूंच्या मंडळांत या चर्चेचे काही संकेत रूढ झालेले आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशाचा ते कळत नाही. बदलापूर्वी व नंतर तेवढ्याच फेऱ्या मारून वेळ लिहून ठेवावी. आपली जुळवणी दुसऱ्यास देताना धावपट्टी, हवामान, इंधनाचा भार आणि आपली चालविण्याची पद्धत सांगावी. अन्यथा ती जुळवणी निरुपयोगी ठरते. काळ्या कसदार जमिनीतील पेरणीचे माप मुरमाड जमिनीला जसेच्या तसे लावता येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

विदर्भाला अशी चर्चा परकी नाही. शंकरपटात बैलजोडीची वेळ घड्याळावर सेकंदाच्या अंशात मोजली जाते आणि जोडी कशी जुळवावी, कोणता बैल कोणत्या बाजूस जुंपावा यावर धुरकऱ्यांत रात्ररात्र खल होतो. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली आलेली बंदी, १६ डिसेंबर २०२१ रोजी मिळालेली सशर्त परवानगी आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविलेला राज्याचा कायदा या साऱ्या प्रवासात ही चर्चा खंडित झाली नाही. वेगाचे आकर्षण माणसाला जुने आहे. नियमांनी बांधलेले मैदान त्याला हवे, एवढेच.

टायर आणि गैरसमज

खेळाडूंची ही मोजून पाहण्याची सवय रस्त्यावरील चालकांनी उचलली तर अनेक गैरसमज दूर होतील. त्यांतील सर्वांत घातक गैरसमज उन्हाळ्यातील हवेविषयीचा आहे. घाटाखालच्या तालुक्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत ‘हवा गरम होऊन टायर फुटेल, म्हणून चार पौंड कमी भरा’ असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. हा सल्ला बरोबर उलटा आहे.

तापमान दहा अंशांनी वाढले तर मोटारीच्या टायरमधील दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. गाडी धावू लागल्यावर होणारी ही वाढ कारखानदाराने आधीच हिशेबात धरलेली असते. म्हणूनच दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला आकडा थंड टायरसाठी असतो. मोटारींसाठी तो सामान्यतः ३० ते ३५ पौंडांच्या आसपास आढळतो. निरोगी टायर या वाढीने फुटत नाही. त्याचा खरा शत्रू हवेची कमतरता हा आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात दुमडतो व उलगडतो. तार पुन्हा पुन्हा वाकविली की ती तापते व अखेर तुटते, तसे टायरच्या भिंतीचे होते. गावातील रस्त्यावर दहा किलोमीटरनंतर गाडी थांबते व टायर निवतो. समृद्धी महामार्गावर मेहकर ओलांडलेली गाडी त्याच वेगाने तासभर अखंड धावू शकते. उष्णता साठत जाते आणि जीर्ण भिंत दगा देते. यास्तव हवा सकाळी, गाडी धावण्यापूर्वी मोजावी आणि भार जास्त असेल तर त्यासाठी दिलेला वेगळा आकडा पाळावा.

नायट्रोजनविषयीही असाच अवास्तव विश्वास आढळतो. साध्या हवेत मुळातच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनमुळे दाब काहीसा स्थिर राहतो हे खरे. परंतु झिजलेल्या टायरला तो नवा करीत नाही.

टायरवरील अक्षरे वाचावयास शिकणे हाही या शिक्षणाचाच भाग होय. मापानंतर येणारे इंग्रजी अक्षर त्या टायरची वेगमर्यादा सांगते. ‘एस’ म्हणजे ताशी १८०, ‘टी’ म्हणजे १९० आणि ‘एच’ म्हणजे २१० किलोमीटर. चार अंकांचा एक शिक्का टायर केव्हा बनला ते सांगतो : २३२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील आहे. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली की तो वापरास अयोग्य ठरतो. नक्षीच्या खोबणीतील छोटे उंचवटे पृष्ठभागाशी समतल झाले की ती वेळ आली असे समजावे. २०२३ साली परिवहन विभागाने समृद्धी महामार्गावर टायर तपासणीची व चालकांच्या समुपदेशनाची मोहीम हाती घेतली, ती याच कारणासाठी.

पडद्यावर न दिसणारे

आता या शिक्षणाची दुसरी बाजू. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजानजीक पिंपळखुटा येथे नागपूरहून पुण्यास निघालेली खाजगी बस दुभाजकावर आदळून उलटली व पेटली. बसमधील ३३ जणांपैकी २५ जणांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याने अपघात झाला असे प्रथम सांगण्यात आले होते. अमरावती प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. यंत्राकडे बोट दाखविणे सोपे असते; चालकाच्या सावधपणाची तपासणी अधिक कठीण असते.

सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन झोपी जाते. यास महामार्ग-संमोहन म्हणतात. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर अंतर चालकाविना कापणे होय. पडद्यावरील शर्यतीत खेळाडू सदैव उत्तेजित असतो. पहाटे दोनचा थकवा तेथे अनुभवास येत नाही.

अंतराचे गणितही येथेच सांगावयास हवे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार थांबेपर्यंत सुमारे ५८ मीटर अंतर लागते. १२० च्या वेगाला ते सुमारे ११४ मीटर आणि १५० च्या वेगाला सुमारे १६८ मीटर होते. वेग दीडपट झाला की गाडीतील ऊर्जा सव्वादोनपट होते, हे त्यामागील कारण. ओल्या रस्त्यावर व झिजलेल्या टायरवर हे आकडे आणखी वाढतात. लग्नसराईत टपावर सामान रचलेली आणि दाटीवाटीने माणसे बसविलेली जीप तर जुळवणीच्या दृष्टीने सर्वांत वाईट वाहन ठरते. भार वर गेला की वळणावर उलटण्यास थोडेसे निमित्त पुरते.

खेळ आणि वास्तव यांतील अंतर दाखविणारे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. ‘ग्रान टुरिस्मो’च्या उत्तम खेळाडूंमधून खरे शर्यतपटू घडविण्याचा उपक्रम निसान व सोनी या कंपन्यांनी २००८ साली सुरू केला. २०११ साली जॅन मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण त्यात विजयी झाला आणि २०१३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. पडद्यावरील विद्या खरी असते, याचा हा पुरावा. परंतु मार्च २०१५ मध्ये जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे एका उंचवट्यावर त्याची गाडी हवेत उचलली गेली, कुंपण ओलांडून गेली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. त्यानंतर त्या वर्षी धावपट्टीच्या काही भागांवर वेगमर्यादा घालण्यात आली व पुढे उंचवटे कमी करण्यात आले. वर्षानुवर्षे प्रशिक्षण घेतलेला शर्यतपटू, तज्ज्ञांनी जुळविलेली गाडी आणि बंदिस्त धावपट्टी असूनही हे घडले. सार्वजनिक रस्त्यावर यांपैकी एकही संरक्षण नसते.

कायदा आणि कौशल्याची वाट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ या बाबतीत स्पष्ट आहे. वाहनाच्या मूळ रचनेत कारखानदाराने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करण्यास कलम ५२ अन्वये मनाई आहे. स्प्रिंगा कापून गाडी बुटकी करणे हे खेळात चालते. रस्त्यावर तो गुन्हा तर आहेच, शिवाय पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत कसोट्या घेऊन निश्चित केलेला समतोल त्यामुळे बिघडतो. सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावल्यास कलम १८९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या सुधारणेनुसार पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड आहे.

मात्र केवळ धाकाने वेगाची ओढ शमत नाही. ज्या मुलाला पडद्यावर टायरचा दाब, ब्रेकची वाटणी आणि भाराची हालचाल कळली आहे, त्याच्याकडे मोटार यांत्रिकीची पहिली पायरी आधीच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम त्याला पुढची पायरी दाखवू शकतो. महामार्गालगतच्या तालुक्यांत चाकांचे अलाइनमेंट, टायरची तपासणी आणि ब्रेकची देखभाल जाणणाऱ्या कुशल हातांची गरज आहे. खेळात दशांश सेकंदासाठी जी चिकाटी तो दाखवितो, तीच येथे कुणाच्या तरी कुटुंबाच्या सुखरूप प्रवासाची हमी ठरेल.

तोपर्यंत एक काम अशा प्रत्येक तरुणाला आजच करता येण्याजोगे आहे. घरातील वडील, काका वा मामा समृद्धी महामार्गाने निघणार असतील त्या सकाळी त्याने दरवाजावरील पट्टी वाचावी, चारही टायर व स्टेपनीतील हवा मोजावी, नक्षीची खोली पाहावी, टपावरील ओझे खाली घ्यावयास सांगावे आणि दर दोन तासांनी थांबण्याची आठवण द्यावी. वाटेत संकट आलेच तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत. शर्यतीतील जुळवणी गाडीला सर्वांच्या आधी पोहोचविण्यासाठी असते. रस्त्यावरील जुळवणीचा हेतू सर्वांना पोहोचविणे हा आहे.